कांचनजुंगेची चढाई आणि घरची माणसे

महाभारतातील महाप्रस्थानिक पर्व ज्यांच्या घरी एकदा तरी वाचले गेले आहे, त्यांस हिमालयातील एका चढणीची हकीकत पाठच असेल. प्रथम द्रौपदी पडली, तिच्यामागून सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. कोण कशामुळे पडला ह्याचे कारण धर्मराज भीमास सांगत गेले, परंतु कोणास उचलण्याकरिता ते थांबले नाहीत. त्या मंडळींस परत यावयाचेच नव्हते. तेव्हा त्यांस दोष देण्याचे कारण नाही. मात्र उत्तरेची वाट ही उतारवयातील माणसांची, तिकडे जावयाचे ते संसार आटोपल्यावर, अशी जी समजूत आपल्या घराघरांत मुरलेली आहे तिचे मूळ बहुधा ह्याच कथेत असावे. विशी-पंचविशीच्या मुलाने तिकडे जाण्याचे नाव काढताच घर चपापते ते उगीच नव्हे.

ह्या वाटेवर महाराष्ट्रातील तरुण मंडळी गेली पन्नास वर्षे तरी जात आहेत, आणि त्यांचा रिवाज पांडवांच्या अगदी उलट आहे. एकट्याने पुढे जाणे तेथे मोठेपणाचे मानीत नाहीत. ह्याचे एक उदाहरण आम्ही येथे सांगणार आहो.

कांचनजुंगा हे नेपाळ आणि सिक्कीम यांच्या सीमेवरील शिखर उंचीने जगात तिसरे. ८,५८६ मीटर, म्हणजे अठ्ठावीस हजार फुटांहून अधिक. गेल्याच्या मागच्या शतकाच्या मध्यापर्यंत ते जगातील सर्वांत उंच समजले जात असे. पुढे १८५२ च्या सुमारास सर्वेक्षण खात्याच्या गणिताने तो मान एव्हरेस्टकडे गेला. सिक्कीमचे लोक ह्या पर्वतास दैवत मानतात. १९५५ साली चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश पथकातील जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन हे २५ मे रोजी प्रथम वर पोहोचले, तेव्हा सिक्कीमच्या राजास दिलेल्या वचनाप्रमाणे ते माथ्याच्या काही पावले अलीकडेच थांबले. पुढच्या अनेक पथकांनी ही मर्यादा पाळली. १९७७ साली कर्नल नरेंद्रकुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराच्या पथकाने ईशान्येकडील अवघड धारेने हे शिखर सर केले.

महाराष्ट्राचा ह्या शिखराशी आलेला पहिला संबंध मात्र दुःखाचा आहे. १९८८ साली वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली मराठी गिर्यारोहकांचे एक नागरी पथक तेथे गेले. त्या मोहिमेत संजय बोरोले हा उमदा गडी प्राणास मुकला. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढलेल्या मंडळींच्या मनात ही गोष्ट किती खोल बसली असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यानंतर एकतीस वर्षांनी, १५ मे २०१९ रोजी, पुण्याच्या 'गिरिप्रेमी' ह्या संस्थेचे दहा गिर्यारोहक त्याच शिखरावर पोहोचले. आशिष माने, रूपेश खोपडे, भूषण हर्षे, प्रसाद जोशी आदी मंडळी त्यांत होती. पथकाचे नेते उमेश झिरपे यांचे नाव ह्या दहांत नाही, आणि आम्हांस सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती हीच. पथक उभे करावयाचे, वर्गणी जमवावयाची, कोणी केव्हा वर जावयाचे आणि कोणी केव्हा खाली उतरावयाचे हे ठरवावयाचे, आणि यशाच्या छायाचित्रात आपण नसावयाचे! एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस असा एखादा काका किंवा मोठा भाऊ आठवल्याखेरीज राहणार नाही.

अशी मोहीम म्हणजे एकदा निघाले आणि शिखर गाठले, असा प्रकार नसतो. माथ्याजवळच्या हवेत प्राणवायू समुद्रकाठच्या एकतृतीयांशच मिळतो. मनुष्यास एकदम तेथे नेऊन ठेवले तर तो थोड्याच वेळात शुद्ध हरपेल. म्हणून पायथ्याच्या बेस कँपवरून थोडे वर जावयाचे, सामान टाकावयाचे, पुन्हा खाली येऊन झोपावयाचे. मग त्याहून वरच्या कँपपर्यंत. ह्या येरझारांत रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि शरीर त्या हवेस सरावते. ह्यात दीड-दोन महिने जातात. वाटेत दोर बांधून ठेवण्याचे आणि ओझी वाहण्याचे अवघड काम पुष्कळसे शेर्पा लोक करतात. त्यांच्यावाचून मोठी मोहीम होत नाही, हे वर्तमानपत्रांनी मथळ्यात छापावयास हवे; ते तळटीपेतही क्वचितच येते. मे महिन्यात, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरील वादळी वारा काही दिवस ओसरतो. तेवढ्या अवकाशात शेवटची चढाई करावयाची. कांचनजुंगेवर शेवटच्या कँपपासून माथा हजार मीटरांहून अधिक उंच राहतो. ती चाल रात्रीच सुरू होते, आणि माथा गाठल्यावर तितकेच अंतर थकल्या पायांनी उतरावयाचे असते. अपघात पुष्कळदा ह्या उतरणीवरच होतात.

त्याच १५ मे रोजी हे प्रत्ययास आले. बंगालचे बिप्लव वैद्य आणि कुंतल काँरार हे दोघे गिर्यारोहक माथ्याखाली अडकून पडले. नेपाळचे निर्मल पुर्जा आणि त्यांचे दोघे सोबती शिखरावरून उतरत होते. त्यांनी जवळचा प्राणवायू त्या दोघांस दिला आणि त्यांस खाली आणण्याची पराकाष्ठा केली. तरी दोघेही वाचले नाहीत. एकाच पर्वतावर, एकाच दिवशी, पुण्याच्या घरांत पेढे वाटले गेले आणि बंगालच्या घरांत आकांत झाला. 'गिरिप्रेमी'नेही हे दुःख जवळून पाहिले आहे. १९ मे २०१२ रोजी त्यांचे आठ जण एव्हरेस्टवर पोहोचले खरे, परंतु त्याच मोहिमेत रमेश गुळवे ह्या सहकाऱ्यास पक्षाघात झाला, आणि त्यांस पुण्यास आणल्यावरही ते वाचू शकले नाहीत.

मग हे साहस कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या जत तालुक्यातील एका आजोबांनी तो आम्हांस विचारलाही. आमचा हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणाचा मुलूख. बर्फ येथील मुलांनी पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. त्यांच्या नातवास उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत अठ्ठावीस दिवसांचे प्राथमिक शिक्षण घ्यावयाचे होते. घरात दोन तट पडले. आजोबा म्हणाले, "मास्तर, ह्यातून नोकरी मिळत नाही, पीक येत नाही, पुण्यही लागत नाही. मग मी त्याला हो कशाला म्हणू?" आम्ही त्यांस लाभाचे आमिष दाखविले नाही, कारण तसा लाभ नाही. एवढेच म्हटले की, दोरास बांधलेल्या माणसांत आपले चुकले तर दुसऱ्याचा जीव जातो, आणि हे शिकविणारी शाळा तालुक्यात दुसरी नाही. धोका खरा आहे. पण न शिकता कड्यावर चढणाऱ्या पोरांचा धोका त्याहून मोठा आहे. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी नातवास बोलावून विचारले, की त्या संस्थेत परत फिरावयाचे केव्हा हेही शिकवितात काय? शिकवितात, असे त्याने सांगितले. तेव्हा त्यांनी अर्जावर सही करण्यास मुलाच्या बापास सांगितले.

आमच्या शेजारच्या साताऱ्याची प्रियंका मोहिते हिने २०१३ साली एव्हरेस्ट सर केले आणि ५ मे २०२२ रोजी कांचनजुंगा. आठ हजार मीटरांवरील पाच शिखरे चढणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. ही बातमी आम्ही घरात मोठ्याने वाचून दाखविली तेव्हा स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न आला तो, एवढ्या उंचीवर ही मुलगी जेवत काय होती, हा. प्रश्न शास्त्रशुद्ध होता. बेस कँपवरच पाणी ब्याऐंशी-त्र्याऐंशी अंशांस उकळू लागते आणि त्याहून तापत नाही; प्रेशर कुकर नसेल तर डाळ शिजतच नाही. वरच्या कँपांत तर बर्फ वितळवून पेलाभर पाणी करावयासही फार वेळ लागतो, भूक मेलेली असते, आणि सूप किंवा चहा यांवरच माणसे दिवस काढतात. हे ऐकून आमच्या घरी असे ठरले की, तो जतचा मुलगा उत्तरकाशीस निघेल तेव्हा त्याच्याबरोबर मेतकूट आणि डिंकाचे लाडू द्यावयाचे.