ओवीपासून ओवीपर्यंत

संवादी माहितीपट करायला शिकायचंय म्हणून कोणी विचारायला आलं, की मी त्याला आधी जात्यावरच्या ओव्या ऐकायला बसवतो. कॅमेरा कोणता घ्यावा, कोडिंग यावं लागतं का, हे पुढचं पुढे. वेबवरचा असा माहितीपट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपत नाही. कुठून शिरायचं, कुठे वळायचं, कुठे रेंगाळायचं हे बघणारा ठरवतो. त्याला वळता यावं अशी मांडणी करायला या ओव्या गोळा करणाऱ्यांएवढा मोठा खटाटोप मराठीत दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकात पुण्यातल्या आपल्या संस्थेतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं. हजाराहून जास्त गावं आणि लाखाच्या वर ओव्या! पुढे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल ध्वनिमुद्रणाला येऊन मिळाले. दोघं संस्थापक गेल्यावर हा ठेवा पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या वेब-संग्रहाकडे आला आणि २०१७ पासून तो वेबवर ऐकायला मिळू लागला.

त्यातलं कुठलंही पान उघडा. गाणं, ओवीचे शब्द, अनुवाद आणि खाली गाणारणीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, मुद्रणाची तारीख. लोक या खालच्या ओळी ओलांडून जातात, पण माझा जीव त्यांच्यातच अडकतो. परभणीतल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेंचा आवाज ऐकून हललेला माणूस त्या ओळींच्या आधाराने पुढे माजलगावच्या भीमनगरात पोचतो आणि बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकतो. सीता, लेक, भाऊ, पंढरी असं विषयवार वर्गीकरण राईरकर-प्वातवाँ यांनी आधीच करून ठेवलं होतं. वेबवर टाकायची वेळ आली तेव्हा निम्मं काम झालेलंच होतं, असं मी मानतो.

संवादी माहितीपटाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७८ चा एमआयटीचा अ‍ॅस्पेन शहराचा फिरता नकाशा, २००८ मध्ये ‘आर्ते’ वाहिनीचा ‘गाझा-स्देरोत’, २०१० मध्ये कॅनडाच्या फिल्म बोर्डाचा तेरा शहरांतल्या उंच इमारतींवरचा ‘आउट माय विंडो’. २०२० अखेर ‘फ्लॅश’ हे वेबवरचं तंत्र बंद झालं आणि त्यावर उभी असलेली कितीतरी कामं उघडेनाशी झाली. म्हणून मूळ ध्वनी, चित्रफिती आणि नोंदी वेगळ्या, साध्या फायलींत ठेवाव्यात.

शिकायला मला ‘कोर्साकोव’ची रीत सगळ्यांत आवडते. फ्लोरियान थालहोफर यांच्या या प्रणालीत प्रत्येक क्लिपला दोन प्रकारचे शब्द जोडतात: ती कोणत्या शब्दाने बोलावली जाईल आणि ती स्वतः कोणत्या शब्दाने दुसरीला बोलावेल. बाकीची जुळणी संगणक करतो.

उज्जैनमधल्या आमच्या नानाखेड्यातून मी हाच सराव करत असतो. बसस्टँडवर इंदूरच्या गाडीसाठी दिलेली हाक ही एक क्लिप. तिच्यावर ‘प्रवास’ लावला की ती रामघाटावरच्या पंड्याकडे नेते. त्याच्या वहीत यजमानाचं गाव काढलं की पणजोबाचं नाव निघतं. वहीवरच्या ‘घराणं’ या शब्दावरून बायजाबाई शिंद्यांच्या गोपाळ मंदिराकडे जाता येतं, तिथून महाकालाचं मंदिर पुन्हा उभारणाऱ्या रामचंद्रबाबा शेणव्यांकडे. ‘भक्ती’ हा शब्द मात्र मी काढून टाकला. उज्जैनमध्ये तो सगळ्याच क्लिपांना लागतो, मग सगळ्यांतून सगळीकडे जाता येतं आणि वळण असं उरतच नाही. ‘पायऱ्या’ लावून बघा: घाटाच्या आणि देवळाच्या पायऱ्या एकामागून एक येतात आणि बघणारा थबकतो.

२०२८ च्या सिंहस्थासाठी शहरात खोदकाम, रुंदीकरण सुरू आहे. या धामधुमीत हरवण्याआधी इथल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्या आज्यांचे आवाज नोंदवायला हवेत. ज्यांना शिकायचंय त्यांनी याच दिवाळीत मोबाइल घेऊन एखाद्या आजीपुढे बसावं, ओवी येत असेल तर ओवी, नाहीतर माहेरची गोष्ट घ्यावी आणि उठण्याआधी नाव, मूळ गाव, तालुका, तारीख तिच्यासमोरच लिहावी.