हृदयापर्यंत औषध नेणारे कण

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून २६० मीटर लांबीचे जोडरूळ बाहेर पडतात. त्याच शहरातील रुंगटा औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात ज्या औषधवाहक कणांचा अभ्यास होतो, त्यांचे माप मात्र नॅनोमीटरमध्ये सांगावे लागते. शंभर नॅनोमीटर व्यासाचे दहा हजार कण एका ओळीत मांडले, तरी ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर भरेल. अशा कणांमुळे हृदयविकारावरील उपचारांतला एक जुना पेच सुटण्याचा संभव आहे.

हृदयाच्या पेशींतून जाणारी विद्युत्-लहर वाट चुकली, की ठोके बेताल होतात. बेल्जियममध्ये १९६१ च्या सुमारास तयार झालेले अमिओडॅरोन हे त्यावरील अत्यंत गुणकारी औषध होय. परंतु त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. प्रौढ माणसाची रोजची गरज अवघी ०.१५ मिलिग्रॅम आहे. शिवाय हे औषध मेदात विरघळणारे असल्यामुळे ते फुफ्फुसे, यकृत व अवटू ग्रंथी यांत साठते आणि गोळी बंद केल्यावरही कित्येक आठवडे शरीरात राहते. औषधाच्या सामर्थ्यात उणीव नाही. ते नको तेथेही जाते, ही खरी अडचण.

यावर एक उपाय म्हणजे लायपोसोम. ही मेदद्रव्याच्या पडद्याची सूक्ष्म पुटिका असून तिचा शोध इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६० नंतरच्या दशकात लावला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अँफोटेरिसिन हे मूत्रपिंडांना घातक ठरणारे बुरशीनाशक लायपोसोममध्ये भरून त्याचा त्रास कमी केला. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत याच प्रकारच्या औषधासाठी रुग्णांच्या नातेवाइकांना वणवण करावी लागली, हे अनेकांना आठवत असेल.

हृदयाची गोष्ट मात्र अधिक बिकट आहे. रक्तात सोडलेले कण यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशी आधीच गिळून टाकतात. उरलेल्या कणांना निरोगी हृदयातील रक्तवाहिन्यांच्या भिंती सहसा वाट देत नाहीत. रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झालेल्या भागात मात्र या भिंती झिरपू लागतात. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये नेमका याचाच लाभ घेतला. उंदरांना लायपोसोममधून अमिओडॅरोन दिल्यावर ते हृदयाच्या इजा झालेल्या भागात अधिक पोचले, प्राणघातक बेतालपणा घटला आणि रक्तदाबही कमी प्रमाणात उतरला.

हृदयाला अशी ताजी इजा झालेली नसताना ठोके चुकत असतील, तर हा मार्ग बंदच राहतो. अशा रुग्णाला अमिओडॅरोन द्यायचे झाल्यास आजही साधी गोळीच द्यावी लागते, आणि दर काही महिन्यांनी अवटू ग्रंथी व यकृत यांसाठी त्याचे रक्त तपासावे लागते.