नावाला सातबारा नसतो

यवतमाळच्या बाजार समितीत कापसाची गाडी उभी राहिली की व्यापारी लगेच भाव बोलत नाही. ढिगाच्या पोटातून मूठभर कापूस काढतो, सरकी बाजूला करतो, दोन्ही अंगठ्यांत धागा धरून तुटेपर्यंत ताणतो. मूठ दाबून ओल बघतो. मग आकडा येतो. तो आकडा शेतकऱ्याला सहसा पटत नाही, पण भांडायला त्याच्याकडे एक आधार असतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, आठ ते बारा टक्के ओलाव्याचा माल घेते, त्यापुढचा परत पाठवते. म्हणजे मालाला मोजपट्टी आहे आणि भावाला तळ आहे.

या लेखातल्या मालाला यातलं काहीच नाही. हा माल म्हणजे इंटरनेटवरची नावं, डोमेन. हजार-दीड हजार रुपये वर्षाला भरून कुणीही एखादं मोकळं नाव आपल्या नावावर करून घेतो. असं करत करत पन्नास-शंभर नावं जमवलेली माणसं आता तालुक्याच्या गावीही भेटतात. कुणी कॉम्प्युटर क्लास चालवणारा, कुणी वेबसाइट बनवून देणारा, कुणी नुसताच हौशी. अशा जमवाजमवीला पोर्टफोलिओ म्हणतात आणि प्रत्येकाला कधी ना कधी तोच प्रश्न पडतो: या सगळ्याचे किती येतील?

उत्तर शोधण्यासाठी मी एक खेळ मांडला. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. यवतमाळ, बाभुळगाव, कळंब, राळेगाव, केळापूर, घाटंजी, वणी, मारेगाव, झरी जामणी, पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस, दारव्हा, नेर, आर्णी. समजा, या सोळाही नावांचे डॉटकॉम आपल्याच खिशात आहेत. कसबी मूल्यांककापुढे ही गठडी सोडली तर तो काय करेल?

पहिली गोष्ट तो कागद मागेल. इथेच जमीनवाल्या माणसाला पहिला धक्का बसतो. डोमेनला सातबारा नसतो, कारण मालकीच नसते. असतो तो वापराचा हक्क, तोही मुदतीचा. डॉटकॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. विदर्भातल्या वाचकाला ‘भोगवटादार वर्ग-२’ हा प्रकार सांगावा लागत नाही. त्याच्याच जवळचं हे आहे. फरक इतकाच की वर्ग-२ च्या वावराचा सारा थकला म्हणून ते महिन्या-दोन महिन्यांत शेजाऱ्याच्या नावावर चढत नाही. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, मर्जीप्रमाणे पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत, मग तीस दिवस जबर दंड भरून सोडवून घेण्याची मुभा, मग पाच दिवस टांगणीला आणि सहाव्या दिवशी जगातल्या कुणालाही ते मोकळं. म्हणून मूल्यांकनाच्या तक्त्यात नावाशेजारी मुदतीची तारीख असते, आणि नाव ज्या खात्यात आहे ते खातं खरोखर कुणाचं आहे याची नोंद असते. पुतण्याच्या मेलवर घेतलेली नावं काकाची धरून चालत नाहीत.

मग तो नावं वाचू लागेल, आणि त्याची बोटं भलत्याच ठिकाणी थांबतील. तुम्हाला वाटतं सगळ्यात भारी नाव जिल्ह्याचं. तो थांबेल नेरवर.

इंग्रजी सव्वीस अक्षरांपासून तीन अक्षरी नावं होतात बरोब्बर १७,५७६. डॉटकॉममधली ती सगळी कधीच उचलली गेली आहेत आणि नवी जन्माला येणार नाहीत. त्यात मधे स्वर असलेलं, तोंडात सहज बसणारं नाव म्हणजे आणखी दुर्मीळ. अशा नावाला पाच आकडी डॉलर हा बोलीचा आरंभ असतो. आपल्या नेरला दुसऱ्या नेरांपासून वेगळं ओळखायला लोकांनी नेर-परसोपंत म्हटलं. डोमेनच्या बाजारात ते परसोपंत गळून पडलं की किंमत कैक लाखांनी चढते. तालुक्याची लोकसंख्या, तिथला बाजार, बसस्टँड यांचा त्या किमतीशी काडीचा संबंध नाही.

वणी आणि आर्णी रोमन लिपीत चार अक्षरी होतात. चार अक्षरी जोड्या ४,५६,९७६. डॉटकॉममध्ये त्याही संपलेल्या. वणी म्हटलं की आपल्याला कोळसा आणि चुनखडी आठवते. पण ‘वानी’ हे काश्मिरी आडनाव आहे आणि जपानीत तो शब्द मगरीसाठी आहे. म्हणजे श्रीनगरचा शालविक्या किंवा ओसाकाचा खेळणी बनवणारा हेही गिऱ्हाईक होऊ शकतात. आर्णीच्या नावाचं रेशमासाठी ओळखलं जाणारं दुसरं गाव तामिळनाडूत आहे. पुसद पाच अक्षरी आहे, आटोपशीर आहे, पण इंग्रजी कानाला त्याच्या शेपटीत ‘सॅड’ ऐकू येतं. वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन मुख्यमंत्री देणाऱ्या तालुक्याबद्दल हे बोलणं उद्धटपणाचं आहे, पण परदेशी ब्रँड नाव निवडताना असल्याच क्षुल्लक गोष्टी पाहतो. कळंब दोन जिल्ह्यांत तालुकाच आहे. दारव्हा फक्त आपलं, आणि त्याची रोमन लिपीतली शेवटची अक्षरं लिहिताना आपलेच लोक अडखळतात. फोनवर एकदा सांगून जे नाव समोरच्याला टाइप करता येत नाही, त्याची किंमत तिथल्या तिथे घसरते.

यादीत केळापूरपुढे मूल्यांकक स्वतःहून एक शेरा मारेल: तालुका केळापूर, ठाणं पांढरकवडा, आणि पैसा मोजणारा तिसरंच नाव शोधतो, टिपेश्वर. वाघ बघायला येणारा नागपूर-हैदराबादचा माणूस गुगलवर अभयारण्याचं नाव टाकतो. रिसॉर्ट, जीप, खोल्या हा सगळा व्यवहार त्या नावाभोवती आहे. धंद्याच्या भाषेत याला खरेदीचा हेतू म्हणतात. आपल्या गठडीत ते नाव नाहीच.

आणि यवतमाळ? त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. इंग्रज या जिल्ह्याला आधी ‘वून’ म्हणत, म्हणजे वणीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाव ‘येवतमाळ’ झालं. त्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग कित्येक संस्थांच्या पाट्यांवर राहिलं. एकाच गावाची दोन स्पेलिंगं म्हणजे मोल दोन ठिकाणी वाटलं जाणं. सरकारी संकेतस्थळ ‘डॉट जीओव्ही डॉट इन’वर आहे, त्यामुळे मोठं गिऱ्हाईक आधीच घरात बसलेलं. नाव बदलण्याची जोखीमही हल्ली हिशेबात धरावी लागते. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं जपून ठेवलेल्यांनी गेल्या काही वर्षांत ती अनुभवली. उलटही होतं. २०१५ मध्ये आंध्रने राजधानीला अमरावती नाव दिलं. रोमन लिपीत आपल्या अमरावतीत आणि त्यांच्या अमरावतीत एका अक्षराचा फरक, पण ते एक अक्षर कुणाच्या बाजूला होतं यावर नशीब ठरलं.

गावाचं नाव आपल्याकडे असलं तर सरकार ते काढून घेईल का, हा प्रश्न मूल्यांकनाचाच भाग आहे. बार्सिलोनाच्या डॉटकॉमवर तिथल्या नगरपालिकेने दावा केला. २००० मध्ये जिनिव्हातल्या बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाने नाव पालिकेला दिलं, २००३ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने ते फिरवलं. फ्रान्सचं डॉटकॉम १९९४ पासून खाजगी हातात होतं. २०१८ मध्ये ते फ्रेंच सरकारकडे गेलं आणि २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयाने मूळ धारकाला सांगितलं, परकी राज्यसत्तेवर दावा चालणार नाही. आपल्याकडे डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘रेडिफ’च्या बाजूने निकाल देताना, एका अक्षराच्या फरकाचं ‘रॅडिफ’ चालू दिलं नाही. डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळायला हवं, असं म्हटलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा धरली. याचा व्यवहारी अर्थ असा की दुसऱ्याच्या ब्रँडवर बेतलेल्या नावाची किंमत शून्य नसते, ती उणे असते. दिल्लीच्या एका तरुणाने ‘जिओहॉटस्टार’ आधीच नोंदवून ठेवलं होतं. २०२४ मध्ये त्याने त्या बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. कौतुक खूप झालं, मागणी मात्र फेटाळली गेली.

नुसतं नाव टाकलं की क्षणात किंमत सांगणारी यंत्रं फुकट मिळतात. मोठे रजिस्ट्रार ती चालवतात. जुन्या विक्रीच्या नोंदी आणि शोधाची आकडेवारी यांवरून ती अंदाज बांधतात. मी त्यांना रेडीरेकनर म्हणतो. तहसीलच्या तक्त्यात वावराचा दर असतो, पण विहिरीला बारमाही पाणी आहे का, धुऱ्यावरून भावकीत वाद आहे का, हे तक्त्याला कळत नाही. इंग्रजी शब्दांबाबत यंत्रं बऱ्यापैकी चालतात. ‘घाटंजी’ दिलं की त्यांना ती अर्थहीन अक्षरांची माळ दिसते.

माणूस मूल्यांकक यापुढे जातो तो तुलनेच्या जोरावर. सारख्या नावाचे अलीकडचे खरे सौदे शोधतो, इंटरनेट अर्काइव्हमध्ये नावाचा पूर्वेतिहास बघतो (आधी तिथे जुगाराचं पान असेल तर डाग राहतो), आणि दोन आकडे वेगळे लिहितो: दुसऱ्या व्यापाऱ्याला आज विकलं तर, आणि नाव हवंच असलेलं गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबलं तर. या दोन आकड्यांत दसपटीचं अंतर असू शकतं. ‘चॅट’चं डॉटकॉम धर्मेश शाह यांनी २०२३ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलरना घेतलं आणि पुढे ते ओपनएआयकडे गेलं, अशा बातम्या वाचून लोक दुसऱ्याच आकड्यावर जगतात. धंद्यातले जाणते मात्र वर्षाला शंभरातली एक-दोन नावं विकली गेली तरी समाधान मानतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा सारा भरावा लागतो. म्हणून गठडीची किंमत म्हणजे सुट्या किमतींची बेरीज नव्हे. उक्त्या सौद्यात घेणारा आधी न खपणाऱ्या मालाचा नूतनीकरणाचा खर्च वजा करतो. आपल्या सोळांतली अकरा-बारा नावं त्याला फुकट दिली तरी नकोत.

कायद्यापुढे चालणारा कागद हवा असेल, म्हणजे कंपनी विकायची आहे किंवा दिवाळखोरी निघाली, तर मेलवरचा अहवाल पुरत नाही. कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली, २०१७ च्या नियमांप्रमाणे नोंदणी झालेला मूल्यांकक लागतो. त्याचे वर्ग तीन: जमीन-इमारती, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. डोमेनसारख्या अमूर्त वस्तू या तिसऱ्यात बसवल्या जातात. सनदी लेखापालांच्या संस्थेचं ३०२ क्रमांकाचं मानक अमूर्त मालमत्तेसाठी आहे. किंमत काढण्याच्या रीती तीन. खर्चाची रीत इथे हास्यास्पद ठरते. नाव घ्यायला हजार रुपये लागले म्हणून ते हजाराचं, हे म्हणजे स्टँपपेपरच्या किमतीवरून वावराचा भाव काढणं. बाजाराची रीत वर आलीच. उरते उत्पन्नाची: हे नाव आपलं नसतं तर भाड्याने घ्यायला वर्षाला किती पडले असते, ते काढून आजच्या किमतीत आणायचं. चालू धंद्याच्या नावाला ती शोभते. नुसत्या धरून ठेवलेल्या नावाला भाडं कसलं लावणार?

आणि नावाचं मोल कागदावर किती फुगू शकतं, हे मुंबईने २०१६ मध्ये पाहिलं. किंगफिशर एअरलाइन्सच्या ब्रँडचं मूल्यांकन तिच्या भरभराटीत तीन हजार कोटींहून अधिक झालं होतं आणि बँकांनी त्यावर कर्ज दिलं होतं. विमानं थांबल्यावर त्याच ट्रेडमार्कांचा हर्रास निघाला. राखीव किंमत ३६६ कोटी ७० लाख. एकही बोली आली नाही.

एक सावधगिरी मात्र ठळक सांगायला हवी. ‘तुमचं नाव मला घ्यायचं आहे’ अशी परदेशातून मेल येते. किंमत तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त. दोन-चार मेलनंतर गिऱ्हाईक म्हणतं, आमच्या भागीदाराला प्रमाणित मूल्यांकनाचा दाखला हवा, अमुक ठिकाणूनच घ्या. तुम्ही शे-दोनशे डॉलर भरता, दाखला येतो, गिऱ्हाईक जातं. दाखला विकणारा आणि गिऱ्हाईक एकच असतो. खरा घेणारा स्वतःच्या पैशाने मूल्यांकन करून घेतो, हे गुरांच्या बाजारातही कळतं.

ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळतं, मराठीसह आठ भाषांसाठी. तिथे ‘यवतमाळ’ आणि ‘यवतमाल’ ही दोन सर्वस्वी वेगळी नावं आहेत. हिंदी कीबोर्डवर बोट फिरवणारा ल टाकणार, म्हणून मूल्यांकक दोन्ही घ्यायला सांगेल. पडद्यामागे ही नावं रोमन अक्षरांच्या, एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक माळेत बदलतात. यंत्राला अजूनही तीच वाचता येते. देवनागरी नावांची खरेदी-विक्री इतकी विरळ आहे की तुलनेला सौदेच सापडत नाहीत. माझ्या हिशेबात दोन्हींपुढे मी फक्त नूतनीकरणाचा खर्च लिहिला.

राहिलं नेर. त्याचं संभाव्य गिऱ्हाईक मी शोधत होतो, तेव्हा लक्षात आलं की संगणकशास्त्रात ही तीन रोमन अक्षरं रोज वापरात आहेत. मजकुरातली माणसांची, गावांची, संस्थांची नावं हुडकून वेगळी काढणाऱ्या तंत्राचं ते लघुरूप आहे. ‘तो नेरहून दारव्ह्याला गेला’ या वाक्यात नेर हे गाव आहे, हे ओळखणं त्या तंत्राचं काम. त्यात ते अजून चुकतं.