पिशवी काढण्यापूर्वी विचारा

"अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पाळीत फार जाते. एकदाची पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल." गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडून दवाखान्यात येणाऱ्या पस्तिशीतल्या बाईच्या तोंडी हे बोलणे नवे नाही. मुले झाली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, आता पिशवीचे काम काय, असा तिचा हिशेब असतो. हा हिशेब कोठे चुकतो ते आज पाहू.

या तक्रारींच्या मुळाशी काय असते, याचा शोध आपल्याच राज्यात घेतला गेला आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या स्त्रिया त्यात होत्या. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातील ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार होते. मात्र पूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के!

या अभ्यासातील एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. आढळलेल्या विकारांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. जंतुसंसर्ग बहुधा औषधांनी बरा होतो. काही प्रकारांत नवऱ्यानेही औषध घ्यावे लागते. त्यासाठी पिशवी काढण्याचे कारण नाही. शिवाय पांढरे जाणे पुष्कळदा योनिमार्गातील संसर्गामुळे असते. पिशवी काढली तरी योनिमार्ग राहतोच, आणि तक्रारही राहते.

तरीही शस्त्रक्रिया होतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आलेली आकडेवारी बोलकी आहे. पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे दर सहा जणींमागे एकीचे. पाळीमुळे काम चुकले की खाडा पडतो, फडात पाणी नाही, आडोसा नाही, आणि कोणी 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली की बाई उचल घेऊनसुद्धा शस्त्रक्रियेला तयार होते. कोयता घेऊन जाणारी कुटुंबे आपल्या जिल्ह्यातही आहेत.

आता खरी हानी कोठे होते ते पाहू. गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाच्या आकाराची दोन अंडाशये असतात. मुलगी जन्मते तेव्हा त्यांत दहा ते वीस लाख बीजे असतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि सगळ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती साधारण चारशे. पण अंडाशयाचे काम बीज देण्यावर संपत नाही. तेथे तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडे बळकट ठेवते आणि हृदय व रक्तवाहिन्यांनाही त्याचा आधार असतो. म्हणून मुले झाली तरी अंडाशय निकामी होत नाही.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर पस्तिशीतली बाई एका दिवसात पन्नाशीत जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, सांधे दुखतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात. डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या बाईची हाडेच तिचे भांडवल, हे विसरून कसे चालेल? अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. अंडाशये ठेवून नुसती पिशवी काढली तरी धोका पूर्ण टळत नाही. न्यूझीलंडमधील २००५ च्या अभ्यासात अशा स्त्रियांची अंडाशये सरासरी ३.७ वर्षे आधी थकल्याचे दिसले.

याचा अर्थ शस्त्रक्रिया नेहमीच वाईट, असा नव्हे. कर्करोग, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे अशा कारणांसाठी ती आवश्यक ठरते आणि जीवही वाचवते. म्हणून शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा:

१. माझ्या रोगाचे नाव काय?
२. तो कोणत्या तपासणीत दिसला? कागद दाखवा.
३. औषधगोळ्यांचा पूर्ण उपचार झाला आहे का? दुसरा उपाय आहे का?
४. अंडाशये ठेवणार की काढणार? काढणार तर का?
५. काढलेला भाग तपासणीसाठी पाठवून त्याचा अहवाल मला मिळेल का?

उत्तरांनी समाधान झाले नाही, तर शासकीय रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांचा दुसरा सल्ला घ्यावा. दोन दिवस उशीर झाल्याने बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मात्र संभोगानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल, तर तपासणी मुळीच लांबवू नये.

ज्या भगिनींची अंडाशये आधीच काढली गेली आहेत, त्यांनी घाबरू नये. संप्रेरकाच्या गोळ्या आपल्याला चालतील का, हे तज्ज्ञांना विचारावे. रक्तदाब व साखर वेळोवेळी तपासावी. दूध, नाचणी, तीळ आहारात ठेवावे आणि कोवळे ऊन घ्यावे.

नवरे मंडळींनाही एक सांगणे आहे. बैल विकत घेताना आपण चार जणांना विचारतो, दात मोजतो. घरच्या लक्ष्मीच्या पोटावर सुरी फिरण्याआधी निदान तिच्याबरोबर दवाखान्यात बसून हे पाच प्रश्न तरी विचारा.