मनगट सरळ, रात्रभर

“करंगळीला पण मुंग्या येतात का?”

ऑक्युपेशनल थेरपी विभागातल्या मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला. समोर बसलेल्या काकू पोळी-भाजी केंद्र चालवतात. “सगळ्या हातालाच येतात हो,” असं आधी म्हणतात, मग एकेक बोट चाचपून बघतात आणि करंगळी सोडून देतात. मॅडम केसपेपरवर हाताचं चित्र काढून अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू पेनाने भरून टाकतात. मीडियन नावाच्या नसेचा मुलूख तेवढाच. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जातच नाही.

बोगदा म्हणजे कार्पल टनेल. खाली मनगटाची हाडं, वरून जाड आडवा पट्टा आणि मधल्या चिंचोळ्या जागेत बोटं वळवणारे नऊ टेंडन व ही एक नस. आत सूज आली तर हाडं सरकत नाहीत, पट्टा फारसा ताणत नाही, दबते ती नस. मनगट पुढे किंवा मागे वाकलं की आतला दाब आणखी वाढतो. झोपेत आपण हात उशाखाली किंवा गालाखाली दुमडून घेतो, म्हणून हे दुखणं रात्री उठवतं. काकूही मध्यरात्री उठून हात झटकत बसतात. हे झटकणं डॉक्टरांच्या लेखी रोगाची खूणच आहे.

खात्रीसाठी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं मिनिटभर वाकवून ठेवायची. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे हाडांचे सर्जन जॉर्ज फेलन यांच्या नावाची ही तपासणी. काकू मिनिट भरायच्या आतच “आल्या, आल्या!” म्हणाल्या. साखर आणि थायरॉइड तपासायची चिठ्ठी त्यांना आधीच मिळाली होती, कारण मधुमेह आणि मंदावलेलं थायरॉइड या दोन्हींत हा त्रास जास्त दिसतो. गरोदरपणातही होतो, आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपसूक ओसरतो.

मग खरं काम सुरू होतं, रात्री मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा बनवण्याचं, आणि ते बघण्यासारखं आहे. काकूंचा हात कागदावर पालथा ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढली. बोटांच्या मुळाशी, अंगठ्याच्या बेचक्यात आणि कोपराच्या बरंच अलीकडे खुणा केल्या. त्या नमुन्याबरहुकूम थर्मोप्लास्टिकच्या पांढऱ्या शीटचा तुकडा कापला. पसरट भांड्यात साधारण ७० अंशांचं पाणी होतं. त्यात पडताच पुठ्ठ्याइतका ताठ तुकडा लोळायला लागला. “पापडाची लाटीच की ही,” काकू म्हणाल्या. मॅडमनी तो उलथन्याने उचलला, पंचावर टिपला, स्वतःच्या मनगटाला लावून चटका बसत नाही ना ते पाहिलं आणि काकूंच्या उताण्या हातावर अंथरला.

इथून हातात असतात मोजकी मिनिटं. प्लास्टिक बोटांनी दाबलं तर खळगे पडतात आणि तेच पुढे टोचतात, म्हणून मॅडम सबंध तळव्याने धरून ठेवतात. नजर मात्र कोनावर असते. मधल्या बोटाची रेषा आणि हाताची रेषा एकाच ओळीत, शून्य अंश, ना पुढे ना मागे. “मूठ वळा. आता अंगठा करंगळीला टेकवा.” ज्योतिषी जिला हृदयरेषा म्हणतात ती मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर बोटं पुरती वळत नाहीत. मनगटाच्या करंगळीकडच्या उंच हाडाशी कड घासत होती, तेवढी पुन्हा गरम करून बाहेर वळवली. शेवटी वेलक्रोचे तीन पट्टे.

काकू मेडिकलमधून एक तयार पट्टाही घेऊन आल्या होत्या. मॅडमनी त्यातली धातूची पट्टी उपसून दाखवली. ती मनगट मागे वाकवून धरणारी होती, म्हणजे रात्रभर भलताच कोन. टेबलाच्या कडेवर दाबून त्यांनी ती सरळ केली. अशी सरळ करून घेतली तर बहुतेकांचं तयार पट्ट्यावरही भागतं. काकूंच्या बारीक मनगटाला तो सैल होत होता, म्हणून हा खटाटोप. असे पट्टे घडवणं हे ऑक्युपेशनल थेरपीचं काम, फिजिओथेरपीचं नव्हे. मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं ते १९५० साली, तरी पेशंट अजून “फिजिओवाल्या मॅडम कुठायत?” असंच विचारत येतात.

पट्टा रोज रात्री, निदान सहा आठवडे. तक्रार सौम्य किंवा मध्यम असेल तर पहिला भरवसा याच्यावर. बोटं टप्प्याटप्प्याने वळवायचे व्यायामही शिकवतात; त्यांचा उपयोग होतो, पण बेताचाच. दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या इथे फारशा कामाच्या नाहीत. बी-६ जीवनसत्त्वाचं तर मला आश्चर्यच वाटतं. गुण येतो असं सिद्ध झालेलं नाही, जास्त डोस दीर्घकाळ घेतला तर त्यानेच नसा बिघडतात, तरी या गोळ्या सर्रास खाल्ल्या जातात. मनगटातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र खरंच आराम देतं, बऱ्याच जणांना काही आठवडे ते काही महिने. पुढे अनेकांचं दुखणं परत येतं. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, हे आधी सांगितलेलं बरं.

या सगळ्याला एक हद्द आहे. मॅडम अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा दाबून पाहतात. तो खोल गेला असेल, ब्लाउजची हुकं लावता येत नसतील, बधिरपणा दिवसरात्र हटत नसेल, तर पट्ट्यात वेळ न घालवता त्या सर्जनकडे पाठवतात. काकूंचा उंचवटा अजून भरलेला होता.

“म्हणजे पोळ्या बंद?”

“बंद कोण म्हणतंय? कणीक मळायला मशीन घ्या. लाटताना जोर खांद्यातून येऊ द्या, मनगट मोडू नका. मधेमधे हात मोकळा सोडा.” एवढ्यानेच बरं होईल असा दावा मॅडम करत नाहीत; पट्टा काम करत असताना दिवसाने त्यावर पाणी ओतू नये, इतकंच.

मशीनच्या कणकेला चव नसते, यावर काकू ठाम. बरीच घासाघीस झाली. कणीक सुनेने मळायची, लाटणं काकूंकडेच, असं ठरलं आणि मॅडमनी सहा आठवड्यांनंतरची तारीख केसपेपरवर घातली.