जुनं सामान, नवा रंग – आणि एक इशारा



दसरा तोंडावर आला की गावोगाव घरं काढायला सुरुवात होते. वाकळा धुवायला जातात, भांडी अंगणात येतात, माळ्यावरचं सामान खाली उतरतं. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचे हे दिवस. हातात पैसा थोडा आणि देण्यांची यादी लांब – खताची बाकी, पाणीपट्टी, पोरांची फी. अशा वेळी ‘घर सजवा’ म्हणून कुणी सांगू लागलं तर राग यायचाच. म्हणून या अंकात आम्ही थोडक्या पैशांत होणाऱ्या चार गोष्टी सांगत आहोत. सामान घरातलंच आणि मजुरीही आपलीच. शिवाय आमच्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. ती शेवटी सांगू, पण ती वाचल्याशिवाय पान उलटू नका.

आधी भिंत. मातीच्या किंवा साध्या गिलाव्याच्या भिंतीला चुन्यासारखा स्वस्त रंग नाही. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावे आणि मग कळीचा चुना थोडा थोडा त्यात सोडावा. १ किलो चुन्याला साधारण ५ लिटर पाणी लागते. चुना खदखदतो, वाफ निघते, म्हणून प्लॅस्टिकची बादली नको आणि पोरं जवळ नकोत. डोळ्यांत शिंतोडा उडाला तर चोळू नये. भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. चुना २४ तास भिजू द्यावा, मग जुन्या लुगड्याच्या फडक्याने गाळावा. १० लिटर गाळलेल्या चुन्यात ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा, म्हणजे अंगाला पांढरं लागत नाही. पांढरेपणाला झाक यावी म्हणून किलोला ३ ग्रॅमपर्यंत नीळ पुरे. हात पातळच द्यावेत, पण दोन-तीन द्यावेत. जाड हात दिला की पोपडे आलेच म्हणून समजा. खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढला की पोरांच्या पायांचे डाग दिसत नाहीत आणि सोप्याला शोभा येते. मात्र ऑइल पेंट दिलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट गोणपाटाची. जुनं तागाचं पोतं धुऊन कडक उन्हात वाळवा. दीड हात रुंद आणि दोन हात लांब तुकडा कापा. त्यावर जुन्या साडीचे चार-पाच खिसे शिवा, कडेला साडीचाच काठ लावा आणि वर वेळवाची काठी ओवून भिंतीला टांगा. आमच्याकडे एका खिशात उसाच्या वजनाच्या पावत्या, दुसऱ्यात पासबुकं, तिसऱ्यात सात-बाराचे उतारे आणि चौथ्यात लाइटबिलं. पूर्वी बिल जमा झालं की पावत्या शोधायला अख्खं घर पालथं घालावं लागे. आता मालक स्वतः उठून खिशात हात घालतात, हेच काय कमी आहे?

तिसरी गोष्ट तेलाच्या डब्याची. खायच्या तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा वरून कापला की कडा धारदार राहतात. त्या हातोडीने आत वळवून ठोकून घ्याव्यात. बुडाला खिळ्याने सात-आठ भोकं पाडावीत. गंज पॉलिश पेपरने घासून एक हात रेड ऑक्साइडचा आणि तो वाळल्यावर दोन हात ऑइल पेंटचे द्यावेत. तुळस, गवती चहा, मोगरा यांत छान येतात. असे चार डबे ओळीने ठेवले की अंगणच वेगळं दिसू लागतं.

चौथी गोष्ट गाडीच्या जुन्या टायरची. धुऊन रंगवला आणि वर जुन्या दोरीची वीण घातली की बसायला बैठक होते. बाहेर ठेवणार असाल तर खालच्या अंगाला भोकं पाडा. टायरात पावसाचं पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत त्यातून डेंग्यूचे डास बाहेर पडतात.

जुनी दारं-खिडक्या रंगवताना एक पथ्य पाळावे. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असू नये असा नियम लागू आहे. पण वाड्याच्या दारावरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोरडा घासू नका. पाणी मारून, ओला ठेवून घासा. नाकाला फडकं बांधा आणि लहान मुलं व पोटुशी बाई यांना त्या दिवशी लांब ठेवा.

आता आमची चूक. दोन वर्षांमागे असेच दसऱ्याचे दिवस होते. आम्ही जावाजावांनी मिळून तणनाशकाचा ५ लिटरचा कॅन वरून कापला, सोड्याने तीनदा धुतला, निळा ऑइल पेंट दिला, वर पांढरी फुलं काढली आणि पळ्या-चमच्यांसाठी स्वयंपाकघरात फडताळावर ठेवला. शेजारणींनीही वाखाणला. महिन्याभराने घाईत कुणीतरी त्यात शेंगदाणे ओतून ठेवले. कुटाला बसताना आत्याबाईंनी मूठभर हातात घेतले आणि नाकाशी नेऊन थांबल्या.

“पोरींनो, ह्यो डबा कशाचा गं?”

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “रंग दिलासा ते बरं दिसतंय. पण आत काय हुतं ते आता कुणाला कळावं?”

शेंगदाणे जनावरांनाही घातले नाहीत, वस्तीपासून लांब खड्ड्यात पुरले. देवाच्या दयेने कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. जपून वापरण्याचंच औषध. वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून ही खूण. आम्ही आमच्या हातांनी नेमकी तीच रंगाखाली झाकून टाकली होती. आणि प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं औषध धुण्याने पुरतं जातंच असं नाही.

रिकामा डबा फोडून वस्तीपासून दूर पुरावा, असं १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच सांगितलं आहे. फवारणी करतानाच तो तीनदा विसळावा, विसळलेलं पाणी पंपातच ओतावं, मग डब्याला भोकं पाडावीत. ओढ्यात, पाटात टाकू नये, भंगारवाल्याला देऊ नये आणि घरात तर आणूच नये; कुंडी म्हणूनही नको, पाण्याचा तांब्या म्हणून तर नकोच नको.

तेव्हा मंडळी, यंदा घर काढताना माळ्यावर चढाल तेव्हा प्रत्येक डबा हातात घेऊन आधी विचारा, यात काय होतं? सांगता आलं नाही, तर तो रंगवायचा नाही. बाकी पोती, तेलाचे डबे, टायर, लुगडी आपलीच आहेत. कुंचला घ्या आणि पोरांनाही हाताशी घ्या.