पूर की प्रलय?

सोलापूरकराला पुराची सवय कुठली! दुष्काळाच्या गोष्टी ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. म्हणूनच २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, माढा-मोहोळकडच्या गावांत पाणी शिरले, तेव्हा वर्तमानपत्र उघडून मी मोठ्याने म्हणालो, "जलप्रलय! याला दुसरा शब्दच नाही."

शेजारचे निवृत्त पाळकसाहेब चहाला आले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "आहे, गुरुजी. आणि तो वेगळाच ठेवायला हवा."

गृहस्थ ग्रीक शिकलेले. ते सांगू लागले, "प्रलयाला ग्रीकमध्ये 'कताक्लुस्मोस' म्हणतात. 'कता' म्हणजे खाली, पार. 'क्लुझो' म्हणजे लाटांनी धुणे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात मोशेचे ग्रंथ हिब्रूतून ग्रीकमध्ये उतरले. तेव्हा नोहाच्या गोष्टीतल्या 'मब्बूल' या शब्दाच्या जागी हा शब्द बसला. नव्या करारात तो चारच वेळा येतो, आणि चारही वेळा नोहाच्याच प्रलयासाठी."

"आणि साध्या पुराला?"

"नदीचे पाणी घरावर आदळते तिथे लूक लिहितो 'प्लेम्मुरा'. जुने कोशकार त्याचे नाते 'भरणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. आपला 'पूर'ही भरण्यावरूनच आला. आमच्या मराठी बायबलातही तिकडे 'जलप्रलय' आणि इकडे 'पूर' आहे. केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून अखेरपर्यंत भाषांतराला बसल्या, त्या अशाच एकेका शब्दासाठी."

खरे सांगायचे तर मला हा शब्दांचा कीस वाटला. ज्याचे रान बुडाले, त्याला पूर काय नि प्रलय काय!

इतक्यात दारात हाक आली. मोहोळकडच्या भाजीवाल्या मावशी कितीतरी दिवसांनी उगवल्या होत्या. पाटीत मेथी होती; पण घरच्या रानातली नव्हे, मार्केट यार्डातून उचललेली.

"वैनी, रान पार धुऊन गेलं बघा. खालचा दगूड उघडा पडलाय."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. 'पार' आणि 'धुणे'. ग्रीक शब्दाचे दोन्ही तुकडे मावशींच्या एका वाक्यात आले होते! मी हळूच म्हणालो, "म्हणजे प्रलयच की हो."

ते काही बोलले नाहीत. मावशींना एवढेच विचारले, "आता पुढं काय, मावशी?"

"काय करनार, सायेब? तळ्यातला गाळ आनून टाकायचा. पूर हाय त्यो, येतो नि जातो. दोन वर्सं लागतील, पर रान हुभं करायलाच पायजे."

मी गप्प झालो. लुकाच्या गोष्टीत खोल खणून खडकावर पाया घातलेले घर पुरात टिकते आणि बिनपायाचे कोसळते. म्हणजे पुरात माणसाच्या करण्याला काही अर्थ असतो. प्रलय म्हटले, की आपण हात जोडून मोकळे! पूर म्हटले, की तो ओसरतो, आणि मग गाळ वाहायला कोणीतरी हात द्यावा लागतो. ज्या बाईचे रान गेले तिने 'पूर' म्हणावे, आणि कोरड्या ओसरीवर चहा पिणाऱ्या मी 'प्रलय' म्हणावे, याची मला लाज वाटली.

एरवी मेथीच्या जुडीसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती त्या दिवशी भाव करायचेच विसरल्या. मी मात्र मावशींना विचारले, "गाळाच्या एका ट्रॅक्टरला किती पडतात हो?"